सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट: झीज ओळखावी कशी, वंगण द्यावं कसं

कनेक्टरची पिवळीधमक पिन दिसली की आपण निर्धास्त होतो. सोनं आहे, गंजायचं नाही. ते खरंही आहे. साध्या हवेत सोन्यावर ऑक्साइड धरत नाही, म्हणून तर काही मिलिव्होल्टचे नाजूक सिग्नल नेणाऱ्या जोडणीत ते वापरतात. (सोनं उत्तम वाहक म्हणून वापरतात, असा एक समज आहे. तांब्याची रोधकता (वीज अडवण्याचा धातूचा गुण) १.६८ मायक्रोओहम-सेंटिमीटर, सोन्याची २.४४. वाहक म्हणून तांबंच सरस, पण त्याचा पृष्ठभाग काळवंडतो.) मात्र गंजत नसलं तरी सोनं झिजतं, आणि झिजायला तिथे फार काही नसतंच. चांगल्या कनेक्टरवर सोन्याचा थर पाऊण ते सव्वा मायक्रॉन असतो, स्वस्तातल्या कनेक्टरवर मायक्रॉनचा दहावा भागसुद्धा असू शकतो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. यावरून हा मुलामा किती हलक्या हाताने वागवायला हवा याचा अंदाज येईल.

दुरुस्तीचं किंवा टेस्टिंगचं काम नुकतंच हाती घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे. पायऱ्या क्रमानेच करा. वंगणाची बाटली सगळ्यात आधी उघडायचा मोह होतो, पण तिची पाळी बरीच उशिरा येते.

आधी समजून घ्या: दोन पिना टेकतात कुठे

डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी पिन सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांची असते. दोन पृष्ठभाग जोडले की फक्त काही शिखरं एकमेकांना टेकतात, आणि सगळा प्रवाह त्या चिंचोळ्या वाटांतून जातो. राग्नार होल्म या संशोधकाने या ठिपक्यांचं गणित मांडलं. एका ठिपक्याचा रोध म्हणजे धातूची रोधकता भागिले ठिपक्याचा व्यास. समजा स्प्रिंगचा दाब ५० ग्रॅम आहे आणि कठीण सोन्याचा मुलामा आहे. हिशेब केला तर खऱ्या अर्थाने टेकलेला भाग जेमतेम २० मायक्रॉन व्यासाचा निघतो, आणि त्याचा रोध साधारण १.२ मिलिओहम. सगळी जोडणी एवढ्याशा ठिपक्यावर तोललेली असते.

आता या ठिपक्यावरचा दाब पाहा. पन्नास ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एवढ्याशा जागेवर तो सुमारे पंधरा हजार वातावरणांइतका होतो. दोन्ही बाजूंना स्वच्छ सोनं, मध्ये ऑक्साइडचा पडदा नाही, वर असा दाब. मग सोन्याला सोनं चिकटतं, चक्क थंड वेल्डिंग होतं. पिन पुढे सरकली की तो सांधा तुटतो, आणि तुटताना एका बाजूचं सोनं दुसऱ्या बाजूला जातं. कसोटीच्या दगडावर सोनं घासलं की रेघ उमटते. इथे दगडाच्या जागी दुसरी पिन असते.

मॉर्टन अँटलर यांनी सोन्याच्या कॉन्टॅक्टच्या झिजेचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलं, की असं उचललं गेलेलं सोनं सरकणाऱ्या टोकापाशी साचून त्याचा एक उंचवटा तयार होतो, होडीच्या पुढच्या टोकासारखा. दाबला-रगडला गेल्याने हा उंचवटा मूळ मुलाम्यापेक्षा कठीण होतो आणि समोरच्या पृष्ठभागावर नांगरासारखा चालतो. म्हणून झिजेची सुरुवात एकदा झाली की पुढचा वेग वाढत जातो. वंगणाचं मुख्य काम हे चिकटणं थांबवण्याचं आहे.

पायरी १: समोर नेमकं काय आहे ते ओळखा

मुलाम्याचे दोन प्रकार लक्षात ठेवा. शुद्ध सोनं मऊ असतं आणि घासलं की भराभर जातं. ज्या कनेक्टरची वारंवार जोड-तोड व्हायची असते त्यांच्यासाठी सोन्यात किंचित कोबाल्ट किंवा निकेल मिसळून कठीण मुलामा चढवतात. सर्किट बोर्डच्या पॅडवर रासायनिक बुडवणीने दिलेलं सोनं याहून वेगळं. ते मायक्रॉनच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकं पातळ असतं आणि सोल्डर नीट धरावं यासाठी दिलेलं असतं. अशा पॅडवर घासून बसणारा कॉन्टॅक्ट पुन्हापुन्हा लावला तर सोनं टिकणार नाही, आणि वंगणानेही त्याचं आयुष्य फार वाढत नाही.

सोन्याच्या खाली निकेलचा थर असावा, साधारण सव्वा ते अडीच मायक्रॉनचा. तो तांब्याला वर झिरपू देत नाही आणि पातळ सोन्याला खालून टणक आधार देतो. मऊ गादीवर ठेवलेला कागद पटकन फाटतो, लाकडी फळीवरचा फाटत नाही, तसंच हे.

मग त्या कनेक्टरचं ठरलेलं आयुष्य शोधा. हा आकडा त्याच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात असतो आणि नवशिके नेमका तोच वाचत नाहीत. यूएसबी टाइप-ए साठी १,५०० वेळा जोड-तोड धरलेली आहे, टाइप-सी साठी १०,०००. साध्या नेटवर्क जॅकसाठी ७५०. आणि संगणकाच्या मेमरी मॉड्यूलचे सॉकेट बहुधा फक्त २५ वेळांसाठी बनवलेले असतात. ‘जरा काढून लावून बघू’ असं म्हणत दिवसातून दहा वेळा मेमरी काढणाऱ्याने हा आकडा समोर लिहून ठेवावा.

शेवटी दुसरी बाजू पाहा. पिन सोन्याची आणि सॉकेट कथलाचं अशी जोडी असेल तर तिथेच थांबा. कथील सोन्यावर उतरतं, तिथे त्याचं ऑक्साइड होतं, आणि सोन्याचा सगळा फायदा मातीमोल होतो. अशी विजोड जोडी वंगणाने तात्पुरती सावरेल, पण खरा उपाय एक बाजू बदलून दोन्हीकडे एकच धातू आणणं हाच.

पायरी २: भिंगातून पाहा

दहा पटीचं भिंग आणि बाजूने तिरपा प्रकाश, एवढं पुरतं. वरून सरळ प्रकाश टाकला तर चकाकीत काही दिसत नाही.

पिनेवर लांबीच्या दिशेने एक गुळगुळीत पट्टा दिसेल. तो पिवळाच असेल तर काळजी नाही, ती सवयीची वाट आहे. पट्ट्याच्या मध्यात राखाडी-पांढरट रेघ दिसली तर निकेल उघडं पडलं आहे. तांबूस झाक दिसली तर निकेलही गेलं, किंवा ते कधी नव्हतंच. सोन्यावर काळे किंवा हिरवट ठिपके असतील तर ते मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर आलेले गंजाचे ठिपके आहेत. सोनं जितकं पातळ तितकी छिद्रं जास्त, आणि गंधकयुक्त हवेत तांब्याचं सल्फाइड छिद्रातून बाहेर येऊन सोन्यावरही पसरत जातं.

सॉकेटच्या आतही पाहा, अवघड असलं तरी. पिवळे उंचवटे दिसले तर मघाचा नांगर तोच.

पायरी ३: रोध मोजा, आणि नीट मोजा

साध्या मल्टिमीटरने हे जमत नाही. त्याच्या वायरींचाच रोध एक-दोन दशांश ओहम असतो आणि आपल्याला मिलिओहम पाहायचे आहेत. त्यामुळे चार वायरींची पद्धत लागते: दोन वायरींनी प्रवाह द्यायचा, दुसऱ्या दोन वायरी कॉन्टॅक्टच्या अगदी जवळ लावून व्होल्टेज वाचायचं. १०० मिलिअँपिअर सोडले तर दर १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिओहम.

इथे एक गोम आहे. सोन्याच्या ठिपक्यावर ०.०८ व्होल्ट पडला की तो मऊ होतो आणि ०.४३ व्होल्टला वितळतो. म्हणजे जास्त व्होल्टेजने मोजायला गेलात तर मोजता मोजताच घाणीचा पापुद्रा फुटतो, ठिपका मोठा होतो आणि वाईट कॉन्टॅक्ट चांगला दिसतो. म्हणून आयईसी (विद्युत मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ६०५१२-२-१ ही मानक चाचणी खुलं व्होल्टेज, म्हणजे जोडणी सुटलेली असतानाचं, २० मिलिव्होल्ट आणि प्रवाह १०० मिलिअँपिअर यांच्या आतच ठेवायला सांगते.

घरच्या टेबलावर हे असं साधता येतं. ५ व्होल्टचा पुरवठा घ्या, त्याच्याशी ५० ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर एकसरीत जोडा. सुमारे १०० मिलिअँपिअर मिळतील. आता कॉन्टॅक्टला समांतर ०.२ ओहमचा रेझिस्टर लावा. कॉन्टॅक्ट पूर्ण सुटला तरी त्याच्यावर २० मिलिव्होल्टच्या वर काही चढणार नाही. थोडा प्रवाह या समांतर वाटेने जातो, त्यामुळे १० मिलिओहमचा कॉन्टॅक्ट साडेनऊ दिसेल, पण तुलनेसाठी तेवढी चूक चालते. एक क्रम मात्र चुकवू नका: समांतर रेझिस्टर आधी पक्का लावायचा, पुरवठा त्यानंतर सुरू करायचा.

एकच वाचन घेऊन निष्कर्ष काढू नका. पाच वेळा जोड-तोड करून पाच आकडे लिहा. नवा, चांगला कॉन्टॅक्ट दर वेळी जवळपास तोच आकडा देतो. झिजलेल्या कॉन्टॅक्टची सरासरी कधी कधी बरी दिसते, पण आकडे उड्या मारतात: ८, ११, ४०, ९, १२०. माझ्या मते आकड्यांचा हा अस्थिरपणाच सगळ्यात लवकर सावध करतो. वाचन चालू असताना केबल हलकेच हलवा आणि आकडा थरथरतो का पाहा.

पायरी ४: स्वच्छ करा, खरवडू नका

वीज बंद, बॅटरी काढलेली. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सुटणारी काडी किंवा कापड. पिनेच्या लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला, दर पुसण्याला काडीची कोरी बाजू. मागेपुढे घासलं तर निघालेली घाण परत तिथेच रगडली जाते. मग पूर्ण वाळू द्या. ॲसिटोन टाळा, बऱ्याच कनेक्टरचं प्लास्टिक त्याने तडकतं किंवा विरघळतं.

खोडरबर वापरू नका. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, आणि मीही सुरुवातीला तो पाळला होता. मेमरी मॉड्यूलच्या कडेचे कॉन्टॅक्ट खोडरबराने चमकवले, संगणक सुरू झाला, आनंद झाला. काही महिन्यांत तोच दोष परत आला. पुन्हा खोडरबर, पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी भिंगाखाली धरलं तेव्हा निम्म्या पट्ट्यांवर राखाडी निकेल दिसत होतं. घाण अल्कोहोलनेही गेली असती; खोडरबरातल्या खरखरीत भुकटीने सोनं नेलं. काचकागद, फायबरग्लासचं पेन, धातू चमकवायची पेस्ट यांनाही हीच बंदी. जुन्या स्विचचे जाड कॉन्टॅक्ट घासून साफ करायची रीत तिथे ठीक आहे, मुलाम्यावर ती चालत नाही.

पायरी ५: वंगण निवडा

नव्याने शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो: तेल तर वीज वाहत नाही, मग ते मध्ये घातल्यावर जोडणी तुटणार नाही का? वर काढलेला दाबाचा आकडा आठवा. पंधरा हजार वातावरणांच्या दाबाखाली तेल ठिपक्यावरून बाजूला सरतं. उरलाच तर रेणूंचा एखाददुसरा थर, आणि इतक्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन पार जातात. आजूबाजूच्या दऱ्यांत मात्र तेल भरून राहतं आणि पिन सरकताना सोन्याला सोनं चिकटू देत नाही. चांगल्या वंगणाने रोध वाढत नाही, घर्षण कमी होतं, आणि छिद्रांपर्यंत ओलावा व वायू पोचायला अडथळा होतो.

म्हणूनच ‘कंडक्टिव्ह’ ग्रीसची इथे गरज नाही. चांदीची किंवा ग्राफाइटची पूड घातलेलं ग्रीस दाट पिनांच्या कनेक्टरमध्ये पसरलं तर शेजारच्या पिना जोडल्या जातील. वीज धातू वाहतो, तेलाकडून फक्त सरकणं सोपं करून घ्यायचं आहे.

मुलाम्यासाठी नावाजलेलं वंगण म्हणजे पॉलिफिनाइल ईथर. पाच वलयांच्या रेणूचं हे दाट तेल फारसं उडून जात नाही, उष्णता सोसतं आणि लावलेल्या जागेवरून पसरत नाही. त्याची मर्यादा थंडीत दिसते: ५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते वाहणं सोडून देतं, तेव्हा कडाक्याच्या थंडीत चालणाऱ्या यंत्रासाठी दुसरं काही पाहावं.

तिथे पीएफपीई, म्हणजे परफ्लुरोपॉलिईथर, उपयोगी पडतं. ते बऱ्याच खालच्या तापमानातही वाहतं, प्लास्टिक-रबराला इजा करत नाही. मात्र ते साध्या अल्कोहोलने निघत नाही, त्याला फ्लोरिनयुक्त द्रावक लागतं. एकदा लावलं की सहज मागे फिरता येत नाही, म्हणून पहिल्याच प्रयोगाला मी ते सुचवणार नाही.

रोजच्या कामाला कृत्रिम हायड्रोकार्बन तेलावर, म्हणजे पॉलिअल्फाओलेफिनवर आधारलेलं, खास कॉन्टॅक्टसाठी बनवलेलं वंगण पुरेसं असतं. स्वस्त पडतं, थंडीत चालतं, चुकलं तर पुसता येतं. शिकताना इथूनच सुरुवात करा.

सिलिकोन तेल मात्र या टेबलावर नको. ते सरपटत दूरवर पसरतं, आणि जवळपासच्या रिलेत (विजेने चालणाऱ्या स्विचमध्ये) किंवा साध्या स्विचमध्ये ठिणगी पडली की त्याचं सिलिका होतं. सिलिका म्हणजे वाळूच्या जातीचा कठीण, वीज न वाहणारा पदार्थ, नेमका कॉन्टॅक्टच्या मध्ये बसलेला. गंज सोडवायचे सर्वसाधारण स्प्रेही वंगण समजून वापरू नका. त्यांतलं हलकं द्रावक उडून गेल्यावर काय उरेल याचा भरवसा नसतो.

पायरी ६: लावा, पण नावापुरतं

अति तिथे माती, हे इथे शब्दशः खरं आहे. जास्तीच्या तेलावर धूळ बसते, धूळ आणि तेल मिळून घासणारी पेस्ट होते, आणि वाचवायला गेलेलं सोनंच खरवडलं जातं. कारखान्यात पॉलिफिनाइल ईथर द्रावकात अर्ध्या टक्क्याच्या आसपास विरघळवून पिना त्यात बुडवतात. द्रावक उडून गेलं की डोळ्यांना दिसणारही नाही असा थर मागे राहतो.

हाताने करताना सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब कापडाच्या कोपऱ्यावर घ्या आणि पिनेवरून फिरवा. नंतर कापडाची कोरडी बाजू एकदा फिरवा. पिन ओली दिसत असेल तर अजून पुसा. सॉकेटमध्ये थेट तेल सोडायचं नाही. पिनेवरचं तेल दोन-तीन वेळा हळूच जोड-तोड केली की आत पोचतं. प्रत्येक पिनेला वेगळा थेंबही नको, एका थेंबात छोट्या कनेक्टरच्या साऱ्या पिना होतात.

आरएफच्या, म्हणजे रेडिओ लहरींचे सिग्नल नेणाऱ्या, कोॲक्सिअल कनेक्टरमध्ये मधल्या पांढऱ्या इन्सुलेटरला वंगण लागू देऊ नका. आणि वंगण लावल्यावर तोच बोर्ड द्रावकाने धुतला तर सगळं गेलं, म्हणून धुणं आधी, वंगण शेवटी.

जिथे कुणी हात लावत नाही, तिथली झीज

कनेक्टर वर्षभर कुणी काढला नाही, तरी तो झिजू शकतो. पंख्याची थरथर, इंजिनाचे हादरे, तापणं-निवणं यांनी पिन सॉकेटमध्ये काही दहा मायक्रॉन पुढेमागे होत राहते. याला फ्रेटिंग म्हणतात. तेवढ्याच चिमुकल्या जागेवर लाखो वेळा घासणं झालं की सोनं जातं, निकेल उघडं पडतं, त्याच्या ऑक्साइडची बारीक पूड तिथेच साचते. लक्षण असं, की यंत्र अधूनमधून अडखळतं, कनेक्टर काढून परत लावला की ‘बरं’ होतं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. काढून लावताना पूड बाजूला सरलेली असते, एवढंच.

वंगणाची सर्वात मोठी कामगिरी मला इथे दिसते. पातळसा थर घर्षण कमी करतो, पुडीला ठिपक्यावर साचू देत नाही आणि उघड्या निकेलला हवेपासून झाकतो. पण सोबत हालचालही थांबवायला हवी: केबलला कनेक्टरच्या जवळच आधार द्या, कुलूप किंवा स्क्रू असेल तर तो पूर्ण आवळा, लोंबती वायर राहू देऊ नका.

रिले आणि स्विचचं वेगळं

काही रिलेंच्या कॉन्टॅक्टवर पातळ सोनं असतं, ते फक्त नाजूक सिग्नलसाठी. १५ व्होल्ट आणि ०.४ अँपिअरच्या वरचा भार तोडताना सोन्याच्या कॉन्टॅक्टमध्ये आर्क, म्हणजे सलग ठिणगी, टिकू शकतो, आणि सोनं जळून जातं. असा रिले एकदा जरी मोठ्या भारावर वापरला तरी पुढे त्याच्याकडून सिग्नलचं काम विश्वासाने घेता येत नाही. बंद रिले उघडून त्यात वंगण घालू नका. चालू भारावर कनेक्टर ओढून काढायची सवय असेल तर तीही सोडा, तिथेही हेच घडतं.

पायरी ७: पुन्हा मोजा आणि लिहून ठेवा

वंगणानंतर परत पाच वाचनं घ्या. आकडे पहिल्याइतके किंवा कमी, आणि एकमेकांच्या जवळ यायला हवेत. रोध वाढला असेल तर तेल जास्त झालं आहे किंवा आधीची घाण पूर्ण निघाली नव्हती. पुसा आणि चौथ्या पायरीपासून पुन्हा करा. तारीख, वंगणाचं नाव आणि आकडे एका चिठ्ठीवर लिहून यंत्रापाशी ठेवा. वंगण पुन्हा कधी द्यायचं याचा ठोकताळा त्या चिठ्ठीतूनच मिळेल. वाचनांची उडी परत दिसू लागली की वेळ झाली.

टेस्टिंगच्या टेबलावर एकच कनेक्टर रोज पन्नास वेळा लागत असेल, तर यंत्राच्या सॉकेटमध्ये एक छोटा नर-मादी जोड कायमचा बसवून ठेवा. रोजची झीज त्या जोडावर होईल. तो संपला की बदलायचा, यंत्राचं सॉकेट तसंच राहतं.

आणि भिंगाखाली निकेल दिसू लागलं असेल तर वंगणाने थोडे दिवस निघतील, गेलेलं सोनं परत येणार नाही. कनेक्टर बदला. बदलताना दोन्ही बाजू एकदम बदला. जुन्या सॉकेटमधला कठीण उंचवटा तसाच राहिला, तर नव्या पिनेचं सोनं तो पहिल्या काही जोड-तोडींतच नांगरून काढतो.